पोलंड, मार्गे खुलताबाद

८ मार्च, रविवार. सकाळी ११

आजपासून रोजनिशी. प्रत्येक मोठ्या प्रचारकाची असते. नंतर लोक शोधत बसतात, त्यापेक्षा आधीच लिहून ठेवलेली बरी.

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. 'मुकुंदवाडीचे भूमिपुत्र, आनंदश्वास ध्यान परिवाराचे युवा मिशनरी मा. ऋतुराज सांडू पठाडे यांची पोलंड देशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मिशनरी हा शब्द शिवमचा. शिवम म्हणजे माझा मित्र, फ्लेक्सचं दुकान त्याचंच. मी प्रचारक लिही म्हणालो होतो. तो म्हणाला, प्रचारक म्हटलं की लोकांना इलेक्शन आठवतं. फोटोत माझ्यामागं आयफेल टॉवर आहे. तो पोलंडला नसतो असं मी बोललो. शिवम म्हणाला, पोलंडचं काय फेमस हाय कुणाला ठाव, शेजारीच असंल.

मोबाईलला नवीन रिंगटोन टाकली. माझ्याच आवाजात. 'नमस्कार. मी आंतरराष्ट्रीय प्रचारक ऋतुराज. दीर्घ श्वास घ्या.' व्हॉल्यूम फुल. फोन आला की आजूबाजूच्या लोकांचंही कल्याण.

दुपारी १

परिवाराच्या नाशिकच्या ऑफिसातून अभयसरांचा फोन. व्हिसा नाकारला.

मुलाखतीत खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं की परत कधी येणार. मी त्यांना आधी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. त्यांनी मिटले नाहीत. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी निगेटिव्ह विचार करत नाही. अभयसर म्हणतात, घरीच थांब, मुकुंदवाडीत वर्ग सुरू कर, पुढच्या वर्षी बघू. मुकुंदवाडीत माझ्याकडून श्वास घ्यायला कोण येणार? इथं मला सगळे लहानपणापासून ओळखतात.

दुपारी ४

सत्कार सहाला. रात्रीची गाडी, मुंबईहून विमान. मंडप पडलाय, हलगीवाले आलेत, माजी नगरसेवक येणार आहेत. आई सकाळपासून पेढे वाटतेय. ज्या बायकांशी तिचं बोलणं नाही त्यांनासुद्धा दिले. अशा वेळी खरं सांगणं म्हणजे भर मंडपात तिला मान खाली घालायला लावणं.

शिवाय व्हिसा आठवड्याभरात होऊन जाईल. मी अभयसरांना पटवीन. म्हणजे फक्त क्रम बदलला, आधी सत्कार आणि मग व्हिसा. निर्णय: सांगायचं नाही. माझ्यासाठी नव्हे, आईसाठी.

९ मार्च, सोमवार. खुलताबाद

सत्कार उत्तम झाला. शाल, श्रीफळ, फेटा. भाषणात म्हणालो की पोलंडचे लोक श्वास घेत नाहीत असं नाही, पण वरवर घेतात. टाळ्या. दोन वर्षांची पोस्टिंग आहे असंही सांगितलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, स्टेजवर येऊन माझी शाल सारखी केली, चिकलठाण्याच्या कंपनीतून शिफ्ट सोडून आले होते. अख्खी गल्ली स्टेशनवर. आईनं डब्याच्या दारात दृष्ट काढली. गाडी हलली तेव्हा मला खरोखर रडू आलं. परदेशात जाताना येतं तसंच.

दौलताबादला गाडी क्रॉसिंगला थांबली. मुंबईला जाऊन करायचं काय, हा प्रॅक्टिकल प्रश्न होता. उतरलो. याला प्रवास रद्द झाला म्हणत नाहीत, हॉल्ट म्हणतात. विमानं पण दुबईला थांबतात.

सकाळी जीपनं घाट चढून खुलताबादला आलो. ओळखीचं कोणी नाही, हवा बरी. गावाबाहेर बानाबाई नावाच्या धनगर बाईंकडे एक मोकळी खोली मिळाली. एकट्याच असतात, बकऱ्या आहेत. मी एकांत साधनेसाठी आलोय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, कर की साधना, फकस्त दुपारून बकऱ्या बघ, म्हंजी खोलीचं मिटलं. आल्या आल्या सेवेची संधी. मला मास्तर म्हणतात.

१० मार्च, मंगळवार

घरी पहिला व्हिडिओ कॉल. पोलंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. आपल्या दुपारी एकला केला, म्हणजे तिकडं सकाळचे साडेआठ. नुकतंच उठल्यासारखं दिसणं गरजेचं होतं. ते अवघड गेलं नाही.

मागं चुन्याची भिंत, अंगावर बानाबाईंची घोंगडी, कारण तिकडं अजून थंडी. आई म्हणाली, घाम काहून आला रे एवढा? म्हणालो, हीटर. आई म्हणाली, ही तर घोंगडीच दिसती. म्हणालो, युरोपात पण धनगर असतात. तेवढ्यात बकरी ओरडली, त्यामुळं पटलं. आबांनी मागून विचारलं, तिकडं कांद्याला काय भाव हाय. बघून सांगतो म्हणालो. एकंदर सुरळीत.

मग आईनं सांगितलं की तिनं चप्पल सोडली. माझी गाडी सुटली आणि तिनं प्लॅटफॉर्मवरच काढून पिशवीत टाकली. भद्रा मारुतीला नवस बोलली आहे की पोरगा सुखरूप घरी येईस्तोवर पायात काही घालणार नाय. मी म्हणालो, आई, दोन वर्षं आहेत. ती म्हणाली, असू दे, मारुती हाय.

मी जिथं बसून हे ऐकलं तिथून त्या मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो.

श्वासावर लक्ष केंद्रित करायचा प्रयत्न केला. झालं नाही. मग शांतपणे विचार केला. अनवाणी चालण्यानं ॲक्युप्रेशर होतं, मोठमोठे डॉक्टर सांगतात. आणि दुसऱ्याच्या श्रद्धेत आपण पडू नये.

१३ मार्च, शुक्रवार

परदेशातलं जीवन खडतर असतं हे वाचलं होतं, आता अनुभवतोय. भाषा वेगळी, माणसं वेगळी. सकाळी लवकर उठलो (साडेदहा). बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांना श्वासाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. मालक म्हणाले, मियाँ, पहले चाय पीने दो लोगां को, साँस अपने आप आती. लोक हसले. लोक हसतात म्हणजे मोकळे होतायत. अभयसरांना मेसेज टाकला: 'स्थानिक नागरिकांशी संवाद सुरू.' त्यांनी विचारलं, कुठले स्थानिक? नेटवर्क नव्हतं असं समजून उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी बानाबाईंना डोळे मिटून बसायला लावलं. पहिल्याच बैठकीत समाधी लागली. घोरण्याचा आवाज येत होता, पण तो गौण.

१६ मार्च, सोमवार

संस्कृतीनं फोटो पाठवला. संस्कृती म्हणजे धाकटी बहीण, इंजिनिअरिंगला आहे, थोडी संशयी स्वभावाची. फोटोत आईचा उजवा तळवा. आई भर दुपारी बाजारात गेली, डांबर तापलेलं, टाचेखाली मोठा फोड. फोटोखाली संस्कृतीनं काहीच लिहिलं नव्हतं.

मी लिहिलं, 'आईला खोल श्वास घ्यायला सांग.' पाठवल्यावर जरा बरं वाटलं नाही, म्हणून डिलीट केलं आणि 'हळद लाव' असं पाठवलं.

जेवण गेलं नाही. बानाबाईंनी विचारलं, मास्तर, भाकर काहून ठेवली? उपास म्हणालो.

ठराव: पाडव्याला सगळं खरं सांगून टाकायचं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. इतक्या शुभ दिवशी आई रागावणार नाही.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

शुभ दिवशी अशुभ बोलू नये असं आईच म्हणते. सांगितलं नाही.

आईनं व्हिडिओवर गुढी दाखवली. गच्चीवर अनवाणीच उभी. एका जागी उभं राहवत नव्हतं, पाय आलटून पालटून उचलत होती. मी म्हणालो, आत जा ना. म्हणाली, तुला गुढी नीट दिसली का? दिसली म्हणालो. गुढीकडं माझं लक्ष नव्हतं.

२१ मार्च, शनिवार

ईद. बानाबाईंच्या शेजारच्या घरातून शीरखुर्मा आला. दोन वाट्या खाल्ल्या. आईला फोनवर म्हणालो, आज इथं सण आहे, शेवयांच्या खिरीसारखं काहीतरी करतात, लई भारी लागतं. बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे सगळं खरं होतं. दिवसभर मन प्रसन्न.

आबांनी पुन्हा कांद्याचं विचारलं. इथल्या भाजीवाल्याला विचारून सांगितलं. आबा म्हणाले, म्हंजी आपल्यासारखंच हाय की. हो म्हणालो.

२४ मार्च, मंगळवार

अभयसरांचा फोन. पोलंडच्या केंद्रावर माझ्या जागी जालन्याची सोनिया गेली. पोचलीसुद्धा. तिला खिडकीवर विचारलं परत कधी येणार, तिनं तारीख सांगितली म्हणे. फारच साधं उत्तर.

मी याकडं सकारात्मक बघतो. ती पुढं जाऊन जमीन तयार करतेय.

दुपारी संस्कृतीचा फोन. परिवाराच्या पेजवर पोलंडचे फोटो आलेत, त्यात तू कुठंच दिसत नाहीस. मी म्हणालो, फोटो मीच काढतोय. ती म्हणाली, सगळे? म्हणालो, इथं कोणाला नीट फ्रेम जमत नाही. मग ती म्हणाली, दादा, आईचा फोड फुटलाय, पण ती पट्टी बांधू देत नाय. नवसात पट्टी बसते का नाय हे तिला ठाव नाय म्हणून.

पट्टी चालते म्हणालो. वर आणखी म्हणालो, मी मारुतीला विचारतो. जीभ घसरली. ती म्हणाली, कोणाला? देवाला, मनातल्या मनात, असं सावरलं.

संध्याकाळी देवळात गेलोच. इथल्या मूर्तीत मारुती आडवा झोपलेला आहे. त्याला म्हणालो, पट्टीपुरतं तरी बघा. माझा विषय काढला नाही.

२९ मार्च, रविवार

आजच्या कॉलमध्ये किरकोळ तांत्रिक चूक. संस्कृतीनं सहज विचारलं, दादा, तिकडं किती वाजले? एक वाजता नेहमी साडेआठ असतात, तसं सांगितलं. ती म्हणाली, आजपासून युरोपात घड्याळं तासभर पुढं केली, साडेनऊ वाजले असायला पाहिजेत. मी म्हणालो, आमच्या केंद्रातलं घड्याळ भिंतीवर लई उंच आहे, अजून कोणी चढलं नाही. आई म्हणाली, पडू नको रे बाबा चढून.

संस्कृतीनं फोन घेऊन बाहेर नेला. म्हणाली, आई हनुमान जयंतीला पायी चाललीय, खुलताबादला, गल्लीतल्या बायकांसोबत. एक तारखेला संध्याकाळी निघणार, रात्रभर चालून पहाटे पोचणार. मी अडवलं, ऐकत नाय, म्हणून मी पण जातेय. तू जिथं कुठं असशील तिथं तुला ठाव असावं, म्हणून सांगितलं.

'जिथं कुठं असशील' म्हणाली. किती काळजी करते पोरगी.

फोन ठेवल्यावर हिशोब केला. तीसेक किलोमीटर. त्या टाचेनं. आणि इथं.

३१ मार्च, मंगळवार

दोन दिवस झोप नाही (दुपारची सोडून). परिस्थिती आटोक्यात आहे. दोन मार्ग.

एक: आईला आजच फोन करून खरं सांगायचं, म्हणजे ती चालायचीच नाही, घरी बसेल, चप्पल घालेल. हा मार्ग योग्य आहे.

दोन: उद्या दुपारच्या बसनं पुढं कन्नडला निघून जायचं आणि जयंती झाल्यावर परत यायचं.

संध्याकाळी फोन हातात घेतला. लावला पण. आईनं उचलला. ती खूश होती. आबांनी तिच्यासाठी बॅटरी आणलीय, शेजारच्या बायकांनी भजनं बसवलीत. म्हणाली, तुझ्या नावानं नारळ फोडते, तुझं काम होऊ दे. मी म्हणालो, आई, एक सांगायचं होतं. ती म्हणाली, सांग. मी म्हणालो, पाणी जास्त पी.

उद्या सांगता येईल. पण उद्या एक एप्रिल. एक एप्रिलला असलं काही सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? तारीखच अडचणीची. म्हणजे मार्ग दोन.

१ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५

बॅग भरून तयार होतो. दोनची बस. एकला जरा पाठ टेकली.

साडेचारला उठलो. बस गेली. चौकात आलो तर रस्ता गाड्यांना बंद. पायी येणाऱ्यांसाठी सगळी वाहतूक दुसरीकडून वळवलीय. पोलीस म्हणाले, उद्या दुपारपर्यंत काहीच जाणार नाही. चालत जायचं तर जा. कन्नड चालत जाण्याइतकं जवळ नाही, आणि घराकडच्या रस्त्यानं जावं तर समोरून तीच येणार.

परत फिरलो तर रामहरीनं पकडलं. रामहरी बानाबाईंचा पुतण्या, चालणाऱ्यांसाठी दरवर्षी सेवेचा मंडप टाकतो. चहा, केळी, खिचडी, आणि पाय चोळून द्यायचे. त्याची पायांना बाम लावणारी दोन माणसं आली नव्हती. म्हणाला, मास्तर, सेवा सेवा म्हणता ना, बसा आता खाली. मी म्हणालो, माझी साधना आहे. बानाबाई म्हणाल्या, घे त्याला, दिसभर झोपलाय.

सर्व बाजूंनी विचार केला. लाखो लोक येतात. मंडप पन्नास तरी असतील. त्यातून आमच्याच मंडपात, माझ्याच सतरंजीवर, शक्यच नाही. तोंडाला मास्क, डोक्याला टॉवेल, नजर खाली. शिवाय पाय चोळणाऱ्याचं तोंड कोण बघतं? मंडपात बसणं हेच सर्वात सुरक्षित. संकटाचं संधीत रूपांतर करतो तो प्रचारक.

२ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती

नीट लिहून ठेवतो.

रात्रभर पाय. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, धुळीनं भरलेले, भेगा पडलेले. वर बघितलं नाही. बामानं बोटं बधिर झाली. पहाटेपर्यंत काहीच झालं नाही आणि मला वाटलं, जमलं.

उजाडत होतं. एक बाई समोर टेकल्या. उजवा पाय पुढं केला. मी मांडीवर घेतला. टाचेखाली फोडाची जागा, सगळी सोललेली, त्यात खडी रुतलेली. जोडवं झिजून तारेसारखं झालेलं. ते जोडवं मी लहानपणापासून बघतोय. फोटोत पाय एवढा वाईट दिसला नव्हता.

वर बघितलं नाही. ओल्या फडक्यानं खडी काढायला लागलो. आई म्हणाली, हळू रे बाळा, ते दुखतंय. मग शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगायला लागली, माझा पोरगा परदेशात हाय. त्याला पण असंच सेवेचं येड हाय. तिथं थंडी लई हाय म्हणतो, पण त्याला घामच येतो.

मी खाली मान घालून पाय पुसत राहिलो. तोच तोच पुसत होतो.

मग आई म्हणाली, संस्कृती, ऋतूला फोन लाव, त्याला कळस दाखवू. तिकडं आता पहाटेचे अडीच वाजले असणार, पण तो हिशोब आईला कधी कळला नाही. संस्कृती मागंच उभी होती. तिनं विचारलं, लावू का? आईकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. मी मान हलवली, नको म्हणून. तिनं लावला.

'नमस्कार. मी आंतरराष्ट्रीय प्रचारक ऋतुराज. दीर्घ श्वास घ्या.'

व्हॉल्यूम फुल. मंडपातल्या दोघातिघांनी घेतला पण. फोन खिशात, हात बामानं भरलेले, मांडीवर आईचा पाय. तो वाजत राहिला. पुन्हा नमस्कार, पुन्हा दीर्घ श्वास.

आई म्हणाली, उचल की.

मी टॉवेल आणि मास्क काढला. आईनं पाय मागं घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पोलंड इथंच व्हतं व्हय? किती दिसापासून? म्हणालो, पहिल्यापासून. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, म्हंजी मी चप्पल घालू का आता?

घाल म्हणालो.

संस्कृतीनं पिशवीतून आईची चप्पल काढली. ती सोबत का आणली होती, मी विचारलं नाही. पाय सुजलेले होते, चप्पल चढेना. मी ढकलून बघितलं. चढली नाही.

तेवढ्यात शिवम आणि पुढं गेलेली गल्लीतली मंडळी दर्शन घेऊन आली. शिवम माझ्याकडं बघतच राहिला. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, आजच आला. इमानातून उतरला अन् आधी मारुतीच्या पाया पडायला आला. शिवमनं भर मंडपात माझे पाय धरले. सेल्फी काढला. स्टेटस: 'पोलंडहून थेट मारुतीचरणी.' रविवारी स्वागत समारंभ ठरला, तिथल्या तिथं.

निघताना बानाबाई म्हणाल्या, मास्तर, झाली साधना? आईनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीकडं बघितलं.

दुपारी रस्ता खुला झाला. जीपमध्ये आई माझ्या शेजारी होती. चप्पल मांडीवर. दौलताबाद गेल्यावर म्हणाली, मारुतीच्या दारात खोटं बोलले मी. उभ्या जन्मात केलं नव्हतं. आता खरं तू सांग. रईवारी सांग, समद्यांसमोर. हसतील, हसू दे. मी बसते म्होरं. सांगतो म्हणालो. शपथ घेतली.

५ एप्रिल, रविवार. दुपारी ३

भाषण तयार. कधी नव्हे ते खरंखुरं. पहिलंच वाक्य: 'मी पोलंडला गेलो नाही.' आरशासमोर दहा वेळा म्हणून बघितलं. आवाज कापत नाही. लोक आधी गप्प होतील, मग कोणीतरी टाळी वाजवील. प्रामाणिकपणाला लोक मान देतात. कदाचित यातूनच एक वेगळी चळवळ उभी राहील.

आईच्या पायाची सूज उतरलीय. पट्टी बांधून तिनं आज चप्पल घातली. मंडपापर्यंत घालूनच चालली. मी मागून बघत होतो, थोडी लंगडते, पण चालते.

रात्री ९

नवा फ्लेक्स. आयफेल टॉवर तोच. माजी नगरसेवक. फेटा. आई पहिल्या रांगेत, शेजारी संस्कृती. आबा कडेला उभे, त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

माईक हातात आला. म्हणालो, 'मी पोलंडला...' आणि थांबलो. सगळे बघत होते. शिवम मोबाईलवर लाईव्ह करत होता. आबांनी हात जोडून छातीशी धरले होते, त्यांना मी असं कधी बघितलं नाही. आई माझ्याकडं बघून हळूच मान हलवत होती, बोल म्हणून.

'...कधीच विसरणार नाही,' असं म्हणालो.

पुढं बर्फावर बोललो. तिथल्या माणसांवर बोललो, श्वासावर बोललो. वीस मिनिटं. खूप टाळ्या. गर्दीतून आबांनी कांद्याचा भाव विचारला, तो पण सांगितला. लोक म्हणाले, पोरगा जरा बारीक झाला पण तेज आलं.

आईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. हार घालायची रांग लागली तेव्हा तिची खुर्ची रिकामी दिसली. खुर्चीखाली चप्पल होती. नीट जोडीनं काढून ठेवलेली.

संस्कृतीला विचारलं, आई कुठंय? घरी गेली म्हणाली. तशीच, अनवाणी. संस्कृतीनं तिला विचारलं होतं, चप्पल काहून काढली, दादा आला ना आता? आई म्हणाली, नवस पोरगा घरी येईस्तोवरचा हाय. तो अजून आला नाय.

चप्पल उचलून आणली. हारासकट दाराबाहेर पायरीवर बसून लिहितोय. दार नुसतं लोटलेलं आहे. आत भांड्यांचा आवाज येतोय. थोड्या वेळानं जातो.